बाभळीची काडी आणि स्पिरिटचा घोळ

मे महिन्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बाभळीची साल आणि कडुनिंबाचा पाला वाळवत होते. जळगावात बाहेर ४४ डिग्री आणि लॅबमधला इन्क्युबेटर ३७ वर, म्हणजे जंतू आमच्यापेक्षा गारव्यात. सावलीत आठवडाभर वाळवा असं लिहिलेलं होतं, आमच्या ओसरीत दोनच दिवसात चुरा. आजी म्हणे, "काय करी ऱ्हायनी वो बाई, इतला पाला कोनले?"

पाला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससाठी. दात किडवणाऱ्या जंतूंतला मोठा आरोपी. आपण साखर खाल्ली की हा ॲसिड सोडतो, पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, वर त्याच साखरेचा चिकट थर करून दातावर ठाण मांडतो. टेस्ट तशी सोपी, रक्त घातलेल्या अगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, जंतू पसरायचे, ६ मिमीचं भोक पाडायचं, त्यात इथेनॉलमध्ये, म्हणजे स्पिरिटमध्ये काढलेला अर्क, मग बंद डब्यात मेणबत्ती पेटवून प्लेटा ठेवायच्या कारण ती विझेपर्यंत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि ह्याला तेच मानवतं. दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन भोकाभोवतीचं, जंतू न वाढलेलं रिकामं गोल मोजायचं, बस.

पहिल्याच वेळी बाभळीचं गोल क्लोरहेक्सिडिनच्या, म्हणजे तुलनेला ठेवलेल्या माउथवॉशमधल्या जंतुनाशकाच्या जवळपास! मी लगेच घरी फोन, आजी तुझी बाभूळ जिंकली.

मॅडमनी प्लेट बघून एवढंच विचारलं, नुसत्या इथेनॉलचं भोक कुठंय? नव्हतंच. घातलं, तर त्याच्याभोवतीही स्वच्छ गोल, आणि माझ्या अर्काला तर स्पिरिटचा वास येत होता की, नाक होतं ना मला. आजीला सांगितलं तर हसून हसून, "मंग जंतू दारूनी मारात ना, बाभूयनं नाव कसाले?"

मग अर्क वॉटर बाथवर पूर्ण आटवला, डीएमएसओ नावाच्या दुसऱ्या द्रावकात विरघळवला, शेजारी नुसत्या डीएमएसओचंही भोक. कडुनिंबाचं गोल जवळजवळ गायब, बाभळीचं छोटंसं उरलं. पण छोटं म्हणून कमजोर असंही नाही, बाभळीतले टॅनिन मोठे रेणू, अगरमधून लांब सरकतच नाहीत. म्हणून आता ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात, पातळ करत करत एमआयसी काढतेय, म्हणजे वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण. तर अर्क इतका तपकिरी की जंतू वाढून नळी गढूळ झाली का नाही तेच दिसेना, चहात माती शोधल्यासारखं. आता प्रत्येक नळीतून थेंब घेऊन कोऱ्या प्लेटवर ओढतेय, उद्या दुपारी बघायचंय, लाइट गेली नाही तर.