'ध'चा 'मा' नक्की कोणी केला?

'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलाय, आणि त्यामागची गोष्टही बहुतेकांना माहितीये. राघोबादादांनी गारद्यांना (म्हणजे पगारी शिपायांना) लिहून दिलं 'नारायणरावांस धरावे', आनंदीबाईंनी मधल्यामधे 'ध' खोडून 'मा' केला, धरावेचं झालं मारावे, खेळ खलास. एवढ्या एका अक्षरावर ही बाई अडीचशे वर्षं खलनायिका होऊन बसलीये.

मला ही गोष्ट जरा जास्तच सोयीची वाटते, म्हणजे राघोबांच्या सोयीची.

नोव्हेंबर 1772 मध्ये थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले, गादीवर आला धाकटा भाऊ नारायणराव, वय 17, आणि काका राघोबा त्याच शनिवारवाड्यात नजरकैदेत. 30 ऑगस्ट 1773, गणपतीचे दिवस, भर दुपारी सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं थकलेल्या पगाराची बोंब मारत वाड्यात घुसली, नारायणराव जीव घेऊन पळाला तो थेट काकांकडे, त्यांना मिठी मारली तरी गारद्यांनी त्याला तिथेच कापला. 'काका मला वाचवा' ते हेच (त्यावर पौर्णिमेच्या भुताच्या गोष्टी रचणाऱ्यांचं पण मस्त चाललंय).

आता मला सांगा, तलवारी घेऊन पेशव्याच्या अंगावर गारदी सोडायचे आणि वर म्हणायचं की मी फक्त धरायला सांगितलं होतं? आणि नारायणराव यांच्याच गळ्यात पडलेला असताना गारद्यांना थांबवायला कोणतं अक्षर आड आलं?

बरं, कागद असणार मोडीतला. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि खाली शब्द न तोडता सलग लिहीत जातात, तिथे 'ध' घालवून कान्यासकट 'मा' बसवायचा म्हणजे खाडाखोड दिसणारच की. आणि तो मूळ कागद आजपर्यंत कोणाला सापडलेला नाही!

पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा त्यांनी राघोबांनाच दोषी धरलं, देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून निघून गेले. पुढे बारभाई, म्हणजे राघोबांविरुद्धचे कारभारी, एकत्र आले, एप्रिल 1774 मध्ये पुरंदरावर नारायणरावाच्या मुलाचा, सवाई माधवरावांचा जन्म झाला, राघोबांचा पत्ता कट, मग ते इंग्रजांच्या दारात गेले आणि 1775 चा सुरतेचा तह करून बसले. एवढं सगळं करूनही म्हणीत अडकली ती बायकोच.

आनंदीबाई साध्याभोळ्या होत्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. नवऱ्याला गादी मिळावी ही इच्छा त्यांना असणारच, राजकारण कळणारी बाई होती. पण इच्छा असणं वेगळं आणि खून करवणं वेगळं ना.

अजून एक गंमत म्हणजे हल्ली आपण हा वाक्प्रचार वाटेल तिथे वापरतो, मोबाईलने स्पेलिंग बदललं तरी 'ध'चा 'मा' झाला म्हणतो. तो 'होत' नाही हो, कोणीतरी मुद्दाम 'करतो', त्यात कपट लागतं. ऑटोकरेक्टला कुठलं आलंय कपट, त्याला आपलं मराठीच येत नाही.