निळ्या ड्रममधली निवळी

श्रावण संपत आला होता. दोन दिवस पाऊस उघडला म्हणून दिंडोरी रोडच्या दोन्ही अंगांना बागांमध्ये फवारणीचे ट्रॅक्टर घरघरत होते. सकाळी पावणेसातला अण्णांचा फोन आला.

"गोगलगायी पडल्या हो सगळ्या. काचेवर एक नाही राहिली. अन् ती हातोडीवाली फुलं कालपासून मिटूनच बसलीयेत."

"आणि मासे?"

"मासे मस्त फिरतायत. आत्ताच खाल्लं त्यांनी."

हे ऐकून माझी झोप पार उडाली. टाकीत अमोनिया वाढला किंवा रात्रभर वीज गेली, तर मासे आधी वर येऊन तोंड मारायला लागतात. मासे धडधाकट आणि बिनकण्याचे जीव गारद, याला कारणं फार थोडी. चहा तसाच ठेवून मी गाडीत खाऱ्या पाण्याचे चार कॅन चढवले. प्रत्येकी वीस लिटर. हे पाणी माझ्याकडे कायम कालवून तयार असतं, कारण नाशिकला समुद्र घाटाखाली आणि ऐन वेळी आरओच्या पाण्यात मीठ विरघळवत बसायला वेळ नसतो.

नाशिकमध्ये लोक मला फिशटँकवाला म्हणतात. दवाखाने, हॉटेलं, दोन-चार बिल्डरांची ऑफिसं, सगळ्या गोड्या पाण्याच्या टाक्या, त्यावर माझं घर चालतं. खाऱ्या पाण्याचं काम मी दुबईत एका दुकानात शिकलो. सहा वर्षं दुसऱ्यांच्या टाक्यांतली प्रवाळं सांभाळली. इथे तशा टाक्या मोजून पाच. त्यातली एक अण्णांची, द्राक्षबागेतल्या बंगल्यात, ३०० लिटरची. नाद खरा धाकट्या मुलाचा. तो नोकरीला बंगळुरूला गेला, टाकी मागे राहिली, आणि बागायतदार माणसाला दुसऱ्या कुणी लावलेलं जगवायची खोड असतेच.

दगडी प्रवाळ म्हटलं की मी आधी कागद मागतो. आपल्याकडे २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मालवणच्या खडकावरचा तुकडा पिशवीत घालून आणणं हा गुन्हा आहे, शोभेसाठी असो की कशासाठी. मी प्रवाळ विकत नाही, कुणाला मिळवूनही देत नाही. अण्णांच्या मुलाने परदेशातल्या प्रवाळशेतीतून आलेल्या तुकड्यांचे आयातीचे कागद फाईलला लावून ठेवले होते. ते पाहिले, मगच टाकीला हात लावला.

पहिल्या भेटीत अण्णांच्या आईने विचारलं होतं, "हे पोवळंच ना रे? मंगळाचं?" नाही म्हटलं, आजी. अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रात अंधाऱ्या खडकांवर वाढतं. त्यालाही चुन्याचा सांगाडा असतो, पण ते खडक बांधत नाही. बेटं उभी करतात ती ही दगडी प्रवाळं. एकेक पॉलिप म्हणजे एक तोंड, तोंडाभोवती हात, आणि बुडाखाली स्वतः बांधलेला ओटा. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन हा जीव खाली थरावर थर देत जातो आणि स्वतः वर सरकत राहतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि बरीचशी मालकाला देतं.

"म्हणजे वाट्याने दिलंय शेत," अण्णा म्हणाले होते. इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नसतं.

आता माझी चूक. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. समुद्राला ते पुरतं. ३०० लिटरच्या टाकीत प्रवाळ जोमाने वाढायला लागलं की आठवड्यात खाली येतं, आणि त्याच्याबरोबर क्षारता, जिला आम्ही केएच म्हणतो, तीही. म्हणून खर्चलेलं परत द्यावं लागतं. महागडी द्रावणं मिळतात, पण जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे चुन्याची निवळी. जर्मन लोक तिला काल्कवासर म्हणतात, नाव भारदस्त, वस्तू तीच. शुद्ध चुना आरओच्या पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, आणि दिवसभरात टाकीतलं जितकं पाणी उडून गेलं तितकी वरची नितळ निवळी रात्री थेंब थेंब सोडायची. निवळीचा सामू १२ च्या वर असतो, म्हणून थेंब थेंब. मी अण्णांना शुद्ध चुन्याची पाकिटं दिली, नळ लावलेला पांढरा कॅन दिला, आणि सगळं तोंडी सांगितलं. द्राक्षवाल्या माणसाला "चुन्याची निवळी" असं सांगताना त्याच्या घरात चुना कशाच्या शेजारी राहतो, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

पोचलो तेव्हा टाकीवरचे दिवे लागलेले होते. आठ-दहा गोगलगायी वाळूत उताण्या. साफसफाई करणारी लाल-पांढरी कोळंबी दगडाआड मेलेली. हॅमर प्रवाळाची एरवी मुठीएवढी फुगणारी पालवी सांगाड्याच्या खाचेत आत ओढून घेतलेली, आणि चार काड्यांवर कडेचं मांस सुटून खालचा दगड पांढरा दिसायला लागलेला. ऍक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या प्रवाळाची एक फांदी बुडापासून बोटभर सोलल्यासारखी झाली होती. जोकर मासे मात्र माझ्या बोटाकडे धावत आले, भूक लागल्यासारखे.

पाणी तपासलं. अमोनिया नाही. खारटपणा ३५. केएच ८.३, कॅल्शियम ४२५, मॅग्नेशियम १३२०, तापमान २६. परीक्षेत लिहावं असं पाणी! आकडे वाईट आले तर निदान हाताला काम मिळतं. इतके चांगले आले की माणूस टाकीपुढे नुसता उभा राहतो.

"माशांना काही औषध दिलं का? पांढऱ्या ठिपक्यांचं?" मी विचारलं. त्या रोगावर तांब्याचं औषध देतात. मासे ते सोसतात, बिनकण्याचे जीव नाही. तांब्याचं किट माझ्याजवळ नव्हतं. वर्षभरात लागलं नव्हतं.

"नाही. तुम्ही बजावलंय ना, न विचारता काही टाकायचं नाही."

मी मेलेल्या गोगलगायी गोळा करून ताटलीत ठेवल्या. अण्णांनी एक उचलून उलटी केली, नखाने दाबून पाहिली.

"बागेत बांधावर गोगलगायी झाल्या की आम्ही मोरचूद टाकतो. अशाच मरतात," ते म्हणाले. म्हणाले आणि थांबले. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. मग खिडकीकडे बघत गड्याला हाक मारली. "मामा, टाकीची निवळी कशात करता तुम्ही?"

मामा दारात आले. साठीचे, हाताला चुन्याच्या भेगा. "पांढऱ्या कॅनचा नळ गळाया लागला ना मागच्या आठवड्यात. मग शेडमधला छोटा ड्रम घेतला. धुऊन घेतला मी."

"कोणता ड्रम?"

"बोर्डोचा."

पावसाळ्यात केवडा रोग पानांवर येऊ नये म्हणून बागेवर एक टक्का बोर्डो मारतात: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद आदल्या रात्री वेगळं भिजत घालतात. मामांचा ड्रम त्याचाच. शेडमध्ये जाऊन आम्ही तो आडवा केला. प्लास्टिकच निळं, त्यामुळे आतला थर दिसतच नव्हता. मी नखाने बूड खरवडलं तर आभाळी रंगाची खपली निघाली. त्यावर मामांची आणखी एक गोष्ट: नुसती वरची निवळी त्यांना पाणचट वाटायची, म्हणून ओतण्याआधी ते ड्रम चांगला ढवळून घ्यायचे. नितळच घेतली असती तर कदाचित एवढं झालं नसतं. इतक्या चुन्यात तांबं विरघळून राहत नाही, खाली बसतं. पण तो गाळ सामू ८ च्या खाऱ्या पाण्यात गेला की तांबं हळूहळू सुटतं.

अण्णांनी मोबाईलवर हिशेब मांडला, शेतकऱ्याला मात्रेचा हिशेब शिकवावा लागत नाही. ३०० लिटर पाणी, लिटरला ०.१ मिलिग्रॅम तांबं धरलं तर एकूण ३० मिलिग्रॅम. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं. म्हणजे तयार बोर्डोचे अडीच चमचे.

"अडीच चमचे," ते पुन्हा म्हणाले. आदल्या दिवशी त्यांनी बागेवर हजार लिटर मारलं होतं.

मामा शेडच्या दाराशी उकिडवे बसले. मी त्यांना म्हटलं, मामा, ड्रम बदलू नका असं मी सांगितलंच नव्हतं. हे त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. नव्हतंच सांगितलं. गड्याच्या हाताने रोजचं काम होणार हे माहीत असून मी अण्णांना ओसरीवर चहा पिता पिता सांगून मोकळा झालो होतो.

मग धावपळ. जिवंत प्रवाळं आधी त्या पाण्यातून काढायची होती. भांडं द्या म्हटल्यावर वहिनी तत्परतेने माजघरातून पाणी तापवायचं घंगाळं घेऊन आल्या, लखलखीत, तांब्याचं. मी आणि अण्णा एकदम ओरडलो. दिवसभरात तेवढंच हसू आलं. शेवटी थर्माकोलचा खोका मिळाला. त्यात दोन कॅन स्वच्छ पाणी, हीटर, छोटा पंप, बॅटरीवरचा एअरपंप, कारण दुपारी लाईट जायचीच. हॅमरच्या काड्या एकेक करून उचलल्या. मांस सुटत चाललेल्या चार काड्या मी कटरने तोडून वेगळ्या केल्या. अण्णा बघत होते. रोगट काडी कुठे तोडायची, जिवंत भागात किती खाली यायचं, हे त्यांनी न विचारता दोनदा बरोबर दाखवलं.

टाकीत उरलेले दोन कॅन बदलले, कार्बनची पिशवी टाकली, आणि पाण्यातले धातू धरणारा एक पांढरा पॅड फिल्टरमध्ये बसवला. तो साध्या घाणीने तपकिरी होतो, तांब्याने निळा. तोवर आमचं सगळं निदान म्हणजे एक खपली आणि गोगलगायीचा अनुभव एवढंच होतं. मी दोन टाक्या करायला नाशिकला जाऊन संध्याकाळी परत आलो. वाटेत रामशेजवर ढग टेकले होते, बारीक पाऊस लागला होता, आणि मला मनातून वाटत होतं की पॅड तपकिरी निघावा. दुसरं काहीही कारण निघालेलं चाललं असतं.

निळा होता. कडा फिकट, मध्ये मोरचुदासारखाच.

पुढचे बारा दिवस रोज पाणी बदललं, कधी मी, कधी अण्णा. चार पॅड गेले. तांब्याचा वाईटपणा असा की ते चुनखडीच्या दगडात आणि वाळूत मुरतं आणि पाणी स्वच्छ झालं की पुन्हा थोडं थोडं बाहेर येतं. वाळू पूर्ण काढून टाकली. जुने दगड मी परत टाकीत घेतले नाहीत. ऍक्रोपोरा तिसऱ्या दिवशी पांढरं पडलं, त्याला वाचवायचा प्रश्नच नव्हता. हॅमरच्या अकरा काड्यांपैकी सहा तगल्या. त्या दिवसांचे पैसे मी घेतले नाहीत. अण्णांनी दिवाळीला दोन पेट्या बेदाणे पाठवले, ते घेतले.

मामा आता निवळी करतात ती पारदर्शक बरणीत, आणि बरणी देवघराच्या बाजूच्या फडताळात ठेवतात. शेडमधली कुठलीही वस्तू दिवाणखान्यात आणायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःच काढला. फावड्यालासुद्धा लागू आहे.

ऑक्टोबर छाटणी होऊन बागेत डोळे फुटायला लागले तेव्हा एका रात्री अण्णांचा फोटो आला. मी तोडून बाजूला ठेवलेल्या मेल्या काड्यांपैकी दोन त्यांनी मला न विचारता टाकीच्या कोपऱ्यात रोवल्या होत्या. खाली लिहिलं होतं, "डोळा फुटलाय का हा?"

फोटो मोठा केला. हिरवं होतं, पण शेवाळ. तसं कळवलं.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "दुसऱ्या काडीवर बघा. डाव्या अंगाला, बुडाशी."

तिथे मसुराच्या डाळीएवढं काहीतरी होतं, आणि त्याला तोंड होतं.