दोन झाडांच्या मधली तार

पाटणादेवीच्या डोंगराखालच्या पट्ट्यात मी बावीस वर्षं लाइनमन म्हणून काम केलं. भाद्रपदातल्या एका सकाळी फोन आला, डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, मोठा आवाज झाला आणि गावाची लाइट गेली. जाऊन पाहतो तर डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडालेला, आणि खाली चिखलात एक वानरी पडलेली. तिच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं. ते जिवंत होतं.

परमिट घेतलं, लाइन बंद केली आणि तिला उचललं. तिचा पंजा माझ्या हातात आला. काळा, मऊ, लांब बोटांचा. अंगठा मात्र एवढासा, कळीसारखा. लहानपणापासून वानरं पाहत आलो होतो, पण त्यांचा अंगठा इतका आखूड असतो हे मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या म्हाताऱ्या आजी हळदीकुंकू घेऊन आल्या. म्हणाल्या, "देव शे हाऊ. उघडा सोडू नको, भाऊ." गावानं खड्डा खणला, मीठ घातलं, नारळ फोडला. पिल्लू वनरक्षक घेऊन गेला.

त्यानंतर मी या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. पाला खाणाऱ्या सगळ्याच वानरांचा अंगठा असा आखूड असतो. फांद्यांना हात अडकवून झेप घ्यायची, तर त्याचा फारसा उपयोग नाही. पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं. त्यात जिवाणू पाला आंबवतात, तेव्हा कुठे तो पचतो. म्हणून देवीला आलेली माणसं प्रेमानं पिकलेल्या केळ्यांची फणी पुढे करतात, तेव्हा मी हात जोडून नको म्हणतो. आपला केळीचा मुलूख, द्यायला हात पुढे होतोच. पण इतकी साखर त्या पोटात गेली की नको तसं आंबतं, पोट फुगतं. शिवाय केळ्यासाठी ती रस्त्यावर येऊन बसतात ते वेगळंच.

आपलं हे काळ्या तोंडाचं वानर जातीनं धोक्यात नाही. धोक्यात आहे त्याचं भावंड, आसामातलं सोनेरी वानर. ते मला बघायला मिळालं ते मुलामुळे. तो सीमेवरच्या दलात आहे, बदली कोक्राझारला. गेल्या माघात भुसावळहून गाडीत बसलो आणि दोन रात्री काढून न्यू बोंगाईगावला उतरलो.

बोंगाईगाव जिल्ह्यात काकोइजाना म्हणून राखीव जंगल आहे. तिथे सकाळी साडेसातला, धुकं निवळताना, सावरीच्या शेंड्यावर सात जणांचा कळप दिसला. तोंड आपल्यासारखंच काळं, पण अंगावर उन्हात वाळत घातलेल्या रेशमाचा रंग. हिवाळ्यात हा रंग गडद होतो, उन्हाळ्यात दुधावरच्या सायीसारखा. तिथले लोक त्याला सोनाली बांदर म्हणतात. १९५३ साली गी नावाच्या निसर्गअभ्यासकानं हा प्राणी जगापुढे आणला आणि १९५६ साली खजुरिया यांनी त्याला शास्त्रीय नाव देताना गींचंच नाव दिलं. पूर्वेला मानस नदी, पश्चिमेला संकोश, दक्षिणेला ब्रह्मपुत्रा, उत्तरेला भूतानचे डोंगर. एवढ्याच चौकटीत तो आहे, जगात दुसरीकडे रानात कुठेही नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो संकटग्रस्त, आपल्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत.

२००८-०९ च्या गणतीत आसामात ५,१४० होते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणतीत ७,३९६ निघाले. आकडा वाचून मला बरं वाटलं होतं, पण तिथे उभा राहिल्यावर त्याची फोड समजली. यातले ५,५६६ उत्तरेला, भूतानला लागून असलेल्या सलग जंगलात. उरलेले १,८३० दक्षिणेला, तुकड्या-तुकड्यांत. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये भातशेती, रबराची लागवड, गाव, रस्ता. उतरलं की कुत्री आणि गाड्या. वर राहिलं की तारा.

तिथे माझी नजर आपोआप खांबावर गेली. उघडी तार, वर बांबूची वाकलेली फांदी. पक्षी एका तारेवर बसतो, त्याला काही होत नाही. वानर झेप घेतं, एका हातात एक फेज, म्हणजे वीज वाहणारी एक तार, आणि शेपटी किंवा पाय दुसऱ्या फेजला नाहीतर लोखंडी खांबाला लागतो. लांब हात, लांब शेपटी. झाडावर जे अंग कामी येतं, तेच तारेवर जीव घेतं. याला फार मोठी विद्या लागत नाही. उघड्या तारेच्या जागी आवरणाची एबी केबल ओढायची, डीपीच्या जंपरला (जोडतारेला) आणि बुशिंगला (तार जिथे ट्रान्सफॉर्मरला लागते त्या चिनीमातीच्या टोकाला) आवरण घालायचं, आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंची झाडं एकमेकांना भिडतील अशी राखायची. झाडं नाहीत तिथे दोरांचे पूल टांगायचे. काही ठिकाणी ते टांगलेही आहेत.

काकोइजाना हे एके काळी तोडून जवळजवळ बोडकं झालेलं जंगल. आजूबाजूच्या गावांनी कुऱ्हाड थांबवून ते परत उभं केलं. पुढे त्याला अभयारण्य करायचं ठरलं, तेव्हा याच गावांनी विरोध केला. आम्ही राखलंय, आमच्याच हाती राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. वानर कुठल्या झाडावरून कुठल्या झाडावर जातं, हे त्यांना रोज दिसतं.

परत आल्यावर मी त्या जुन्या गावच्या डीपीपाशी गेलो. वड आणि चिंच यांच्या मधे अजून उघडीच तार आहे. खांब ते खांब असे तीन गाळे. एबी केबलचा अर्ज टाकला, ग्रामपंचायतीचा ठराव जोडला. आता निवृत्त आहे, वर चढून काही करता येत नाही. परवा पुन्हा जाऊन चौकशी केली. साहेब म्हणाले, अंदाजपत्रक झालंय. तोवर गावकऱ्यांना सांगून ठेवलंय, चिंचेची ती आडवी फांदी छाटू नका. कळप अजून तिच्यावरूनच जातो.