सोळा तासांत स्वीकारलेला माझा पेपर

रात्री साडेअकराला एका जर्नलला पेपर, म्हणजे शोधनिबंध, पाठवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला 'ॲक्सेप्टेड'चं पत्र हजर. सोळा तास! मला आनंदच झाला. पत्रात दोन परीक्षकांचे शेरे होते, दोन्ही एकेका ओळीचे: विषय चांगला आहे, व्याकरण तपासा. खाली क्यूआर कोड आणि २,५०० रुपये तीन दिवसांत भरा अशी सूचना. साइटवर आधी फीचा आकडा कुठेही नव्हता.

मी सोलापुरात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. पीएच.डी.चा विषय विडी कामगार बायकांचं उत्पन्न. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत उन्हाळाभर फिरून १२० बायकांशी बोलले. मांडीवर सूप, हात विड्या वळतायत, आणि मान वर न करता उत्तरं. त्या उन्हाळ्याची कमाई म्हणजे हा पेपर. नोव्हेंबर २०२२च्या नियमांत यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली हे खरं, पण २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदाच्या शॉर्टलिस्टला एका पेपरचे २ गुण आहेत. जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून घाई. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'आठ दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेट मोफत' असा मेसेज आला आणि मी पेपर पाठवला.

पैसे भरण्याआधी मार्गदर्शक मॅडमना पत्र दाखवलं, तेवढं नशीब. त्यांनी पत्र बाजूला ठेवलं आणि पेपर वाचायला घेतला. तक्ता क्रमांक ३वर बोट ठेवून म्हणाल्या, "याची बेरीज १०८ टक्के होते की गं. दोघांनी वाचलंय म्हणतेस, एकालाही दिसलं नाही?"

त्या रात्री मी त्या जर्नलची साइट नीट बघितली. हे काम पाठवण्याच्या आधी अर्ध्या तासात झालं असतं. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आयएसएसएन पोर्टलवर टाकला, तर तो दुसऱ्याच नियतकालिकाच्या नावावर निघाला. नंबर जुळला असता तरी फार अर्थ नव्हता. आयएसएसएन ही फक्त ओळख आहे, दर्जाचा दाखला नाही. होमपेजवर 'यूजीसी केअर लिस्टेड' असं लाल अक्षरांत होतं. केअर ही यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी २०१९मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने ती बंद केली. मी बघत होते तो जुलै २०२५. बंद झालेल्या यादीचा शिक्का लावून पैसे मागणारं जर्नल आणखी काय काय खोटं सांगत असेल? इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो आकडा, ८ च्या वर लिहिला होता. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो, तिथे या जर्नलचं नावच नाही. आधीच्या एका अंकात संतसाहित्य, काँक्रीटची ताकद आणि मधुमेह शेजारी शेजारी. त्यातले तीन डीओआय, म्हणजे पेपरांच्या कायमच्या ऑनलाइन लिंका, मी उघडून पाहिले, एकही उघडला नाही.

संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकांना मेल केला. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: मला न विचारता माझं नाव घातलंय, काढा म्हणून दोनदा लिहिलं, काढत नाहीत. संपादक मंडळातल्या कुणाला तरी त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवरचा पत्ता शोधून जरूर लिहा. जर्नलच्या साइटवर दिलेल्या पत्त्यावर लिहू नका.

इथवर सगळं दोन दिवसांत झालं. पेपर परत मिळवायला मात्र एकोणीस दिवस गेले, आणि शेवटपर्यंत तो परत मिळाला असं म्हणता येत नाही.

मी मागे घेत असल्याचा मेल केला. उत्तर आलं: 'विथड्रॉवल फी' ३,५०० रुपये. म्हणजे छापायला अडीच हजार आणि न छापायला साडेतीन! फोन केला तर पलीकडचा माणूस दर वेळी तेच म्हणायचा, "मॅडम, पेपर प्रोसेस में है." कुठली प्रोसेस, कोण करतंय, काही सांगायचा नाही. नवव्या दिवशी त्यांच्या साइटवर 'लवकरच प्रकाशित' या पानावर माझं नाव आणि पेपरचं शीर्षक दिसलं. माझे हातपाय गळाले. एकच पेपर एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणं हा संशोधनातला गुन्हा. तिकडे छापून आला तर चांगलं जर्नल तो घेणार नाही. त्या १२० बायकांनी दिलेला वेळ असल्या अंकात पुरला जाणार, या विचाराने मला दोन रात्री झोप आली नाही.

मॅडमनी मेल पुन्हा लिहायला लावला. त्यात चारच गोष्टी: पेपरचं शीर्षक, पाठवल्याची तारीख, कॉपीराइट फॉर्मवर मी सही केलेली नाही व शुल्क भरलेलं नाही, आणि आजपासून लेख मागे घेतला आहे. साइटवरच्या प्रत्येक पत्त्यावर तोच मेल, त्यांच्या पानांचे तारखेसह स्क्रीनशॉट. तुमच्यावर ही वेळ आली तर काहीही झालं तरी कॉपीराइट फॉर्मवर सही करू नका. पैसे बुडाले तर सोसता येतं, पण सही दिली की पेपर आपला राहत नाही. एक रुपयाही पाठवू नका, कारण पैसे भरले की तुम्ही प्रकाशनाला होकार दिला असं ते म्हणतात.

एकोणिसाव्या दिवशी ते पान गायब झालं. लेखी उत्तर आजतागायत नाही.

दुसरं जर्नल निवडताना मी स्कोपस या जर्नल्सच्या सूचीचा लोगो पाहून थांबले नाही, स्कोपसच्याच साइटवर नाव शोधलं. जर्नल ओपन ॲक्सेस, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणारं, असेल तर डीओएजे या अशाच जर्नल्सच्या यादीत बघायचं. फी घेणारं प्रत्येक जर्नल खोटं असतं असं नाही, चांगली जर्नल्सही घेतात, पण आकडा आधीच सांगतात. आणि यादीत नाव आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत: मे २०१८मध्ये यूजीसीने केअरच्या आधीच्या आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली होती. निवडलेल्या जर्नलमधले असंघटित कामगारांवरचे दोन जुने पेपर मी पूर्ण वाचले. मग संपादकांना झालेला सगळा प्रकार लिहिला, मेल जोडले आणि विचारलं, पाठवू का? त्यांनी पाठवा म्हटलं.

साडेतीन महिन्यांनी शेरे आले, दोन पानं भरून. पहिलाच प्रश्न मॅडमचाच, कारण तो तक्ता मी तसाच पाठवला होता: तक्ता ३ची बेरीज १०८ कशी? मी कुंभारीची वही पुन्हा काढली. काही बायका विड्याही वळत होत्या आणि घरी शिलाईही करत होत्या, त्या दोन्ही रकान्यांत मोजल्या गेल्या होत्या. आता त्यांच्यासाठी वेगळा रकाना करतेय, आणि दोघींना पुन्हा भेटायला रविवारी कुंभारीला जाणार आहे.