वालाचं बियाणं का कुजलं?

पाव किलो बियाणं न्यायचं आणि पीक आल्यावर अर्धा किलो परत द्यायचं, हा आमच्याकडच्या महिला गटांच्या बियाणे बँकांचा रिवाज. व्यवहारात पैसा येत नाही आणि एका घरचं वाण हळूहळू अख्ख्या वाडीत पोहोचतं. अकोले तालुक्यात हे काम चांगलं रुजलंय. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी वाणांच्या जतनासाठीच. या बँकांतलं बी पाकिटांत भरून परसबागेसाठी बायकांना दिलं जातं. या बियाणे संचांचं काम मी बघते. एका मे महिन्यात एका गटाच्या वेलवालाची उगवण चाचणी उघडली आणि या रिवाजातलीच खोट दिसली. इतर बँकांच्याही उपयोगी पडेल म्हणून ती सविस्तर लिहिते.

चाचणी साधी आहे. डब्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ बी काढून मिसळायचं आणि न निवडता शंभर मोजायचं. चांगलं बी वेचून घेतलं की चाचणीला अर्थ उरत नाही. धुतलेलं गोणपाट ओलं करून पिळायचं, त्यावर दहा बियांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सुतळीनं सैल बांधायची आणि सावलीत उभी ठेवायची. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका मारायचा. पाणी निथळून गेलं पाहिजे, कारण गुंडाळी पाण्यात बसली तर जिवंत बीसुद्धा कुजतं. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, दहाव्या दिवशी शेवटची.

त्या दिवशी सुतळी सोडताच कुबट वास आला. धड मोड होते एकेचाळीस. वालासाठी प्रमाणित बियाण्याचा निकष किमान 75 टक्के आहे. पण नुसत्या आकड्यावरून कारण कळत नाही. त्यासाठी न उगवलेल्या बियांचे ढीग लावावे लागतात. पाणी न शोषता टणक राहिलेलं बी एकीकडे. ते बहुधा जिवंत असतं. गोल भोक पडलेलं दुसरीकडे, ते भुंगेऱ्याचं काम. आणि तिसऱ्या ढिगात चिमटीत धरताच पिचकणारं, हिरवट-काळ्या बुरशीचं बी. पहिले दोन ढीग मूठभरही नव्हते. म्हणजे बियाणं किडीनं नाही, ओलीनं गेलं होतं.

शेजारी दुसरी गुंडाळी होती. तेच वाण, त्याच वेलांचं, पण गटातल्या एका आजींनी घरी चुलीवरच्या माळ्यावर राखेत ठेवलेलं. त्यात ब्याण्णव मोड. दोन्ही गोणपाटं शेजारीशेजारी पसरली तेव्हा बायका वाकून वाकून बघत होत्या.

"आजी, बँकेत दिलं ते न् घरी ठेवलं ते एकच ना?"

"एकच की गं. पण होळीच्या आत द्या म्हनले, मंग जून झाल्या तेवढ्या शेंगा तोडल्या. घरचं मागून काढलं, येल वाळल्यावर."

कारण इथंच होतं. वेलवाल एकदम पिकत नाही. खालच्या शेंगा वाळतात तेव्हा शेंड्याला फुलं असतात. परतफेडीला तारीख लावली की निमओल्या शेंगा सोलल्या जातात. त्यात परतफेड वजनावर, आणि ओलं बी वजनाला जास्त भरतं. मुद्दाम कुणीच केलं नव्हतं, पण नियमच ओल्या बियाच्या बाजूचा होता. पुढं ते बी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये गेलं. ओलं बी श्वास घेतं, तापतं, झाकणाला आतून पाणी सुटतं आणि बुरशी धरते. नीट वाळलेल्या बियाला हवाबंद ड्रम चांगलाच, ओल्याला मात्र घातक. ढोबळमानानं बियातली ओल एका टक्क्यानं उतरली की त्याचं आयुष्य दुप्पट होतं.

वाळवताना पत्र्यावर किंवा भर दुपारी सिमेंटच्या ओट्यावर पसरू नये. तापून अंकुर मरतो. गोधडीवर पातळ पसरावं, सकाळी दोन-तीन तास आणि उन्हं कलल्यावर पुन्हा. रात्री उघड्यावर ठेवलं तर वाळलेलं बी परत ओल घेतं. वाळलं का, हे दातानं कळतं: बी कट् करून फुटलं पाहिजे, दातांचा वण उमटता कामा नये. मिठाची परीक्षाही घेता येते. कोरड्या काचेच्या बरणीत तिसऱ्या हिश्शाइतकं बी आणि दोन-तीन चमचे कोरडं मीठ घालून हलवायचं, मग थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. मात्र मीठ चिकटलं नाही म्हणून लगेच डबा बंद करू नये. हवाबंद ठेवायला ओल साधारण 8 टक्क्यांपर्यंत उतरावी लागते.

राखेबद्दल बराच गैरसमज आहे. चिमूटभर राख चोळून भुंगेरा थांबत नाही. त्याची अंडी शेतात शेंगांवरच पडलेली असतात आणि बी घरात येतं ते अळीसकट. चार मापं बियाला तीन मापं चाळलेली, गार, कोरडी राख लागते, म्हणजे बियांमधल्या फटी बुजतात आणि बाहेर पडलेल्या भुंग्याला हलता येत नाही. वरून बोटभर राखेचा थर द्यावा.

त्याच बैठकीत गटानं नियम बदलला. तारीख काढून टाकली. वेल वाळल्यावर बी आणायचं. दाताची परीक्षा बँकेच्या दारात, सगळ्यांसमोर. वहीत फेड मांडायची ती चाचणीनंतर, आणि 75 च्या खाली उगवण आली तर पुढच्या हंगामात पुन्हा द्यायचं. हा शेवटचा नियम कडक वाटेल. मला तो रास्त वाटतो, कारण कुजकं बी दुसऱ्या बाईच्या वाफ्यात जातं.

संचात वाल असतो तो ताटातल्या कडधान्यासाठी, लाल भोपळा आणि माठ अ जीवनसत्त्वासाठी. बाईच्या दिवसभराच्या खाण्यात दहापैकी किमान पाच अन्नगट (धान्य, कडधान्य, पालेभाजी असे) यावेत, या निकषावर संच बांधलेला असतो. जूनमध्ये वाल उगवला नाही तर तो हंगाम गेला, आणि पुढच्या वर्षी ती बाई संच घ्यायला येईलच असं नाही.

ड्रममधलं बी दाट पेरून चालवावं, अशी सूचना आली होती. ती आम्ही मानली नाही. असं बी उगवलं तरी रोप दुबळं निघतं. बुरशीचं बी जनावरांनाही घालू नये, म्हणून ते खड्ड्यात पुरलं. आजींच्या राखेतलं बी चाळून संचात भरलं, पाकिटात वीस-वीस बिया. प्रत्येक पाकिटात शिसपेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाकली: वाण, कुणाच्या घरचं, चाचणीची तारीख, शंभरात किती. शाईनं लिहिलेली चिठ्ठी पावसाळ्यात फुटते.