परड्यातला फणस: खताची जागा बदलल्याला दीड वर्ष

खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या परड्यातला बी टाकून उगवलेला फणस, वय ५ वर्षं. गेल्या मृगात साडेपाच फूट होता, काल टेपनं मोजला तर ९ फूट भरला, लई बरं वाटलं. त्याआधी दोन वर्षं जागचा हलत नव्हता आणि शेणखत तर बुट्टीबुट्टीनं घालत होतो, पण सगळं खोडाला चिकटून.

त्या मृगात खोडाशी खुरप्यानं हळू उकरून बघितलं, तिथं नुसती करंगळीएवढी तपकिरी मुळं. ती झाडाला धरून ठेवतात, पाणी-अन्न वाहून नेतात, पण मातीतनं ओढून घ्यायचं काम त्यांचं नाही. तसंच उकरत पानांची सावली संपते तिथवर गेलो आणि वरच्या वीतभर मातीतच दोऱ्यासारखी पांढरी मुळं लागली, खुरपं टेकलं की तुटायची, म्हणून पुढं बोटानंच माती सारली. झाडाचं तोंड इथं आहे की ओ!

तेव्हापासून खोडाभोवती जागा मोकळी आणि सावलीच्या कडेनं गोल आळं. शेणखत एक बुट्टी पावसाच्या तोंडाला, एक पाऊस ओसरल्यावर. एकदम घालत नाही, कारण आमच्याकडच्या पावसात नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं नायट्रोजनचं रूप, पाण्याबरोबर खाली धुऊन जातं. फॉस्फरसचं उलटं, तो हलतच नाही. आपल्या तांबड्या आंबट मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात, मातीत असून झाडाला मिळत नाही. इथं बुरशी कामाला येते. ती मुळात शिरते, बाहेर केसापेक्षा बारीक तंतू पसरते, मुळं पोचत नाहीत तिथनं फॉस्फरस आणून देते आणि बदल्यात झाडाकडनं साखर घेते. या जोडीला मायकोरायझा हे नाव १८८५ मध्ये आल्बर्ट फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञानं दिलं. पालापाचोळा उचलला की दिसणारी पांढरी जाळी म्हणजे हीच असं मी धरून चाललो होतो, पण ती पाला कुजवणारी वेगळी बुरशी, फणसाच्या मुळातली नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही पाहिजेतच. म्हणून आळ्यात आता कुदळ अजिबात मारत नाही, ते तंतू तुटतात.

गेल्या श्रावणात खालची जुनी पानं पिवळी व्हायली होती. जुनं पान आधी पिवळं म्हणजे बहुतेक नायट्रोजन कमी, झाड जुन्यातला काढून कोवळ्या पानाला देतं. कोवळं पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाकडं बघा, ते जुन्या पानातनं सहज हलत नाही. बांधावरच्या गिरीपुष्पाचे डहाळे तोडून आळ्यात वीतभर अंथरले, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात त्यामुळं पाला कसदार असतो. यंदाच्या श्रावणात एक पान पिवळं नाही.

काल मोजल्यावर कडेला परत बोटानं माती सारली, तर पांढरी मुळं आळ्याच्या बाहेर हातभर गेलीत. आळं या रविवारी बाहेर सरकवतो.