हान्याचा गावातला समुद्र: चार वर्षांची लेक आणि गुडघेदुखीवाले बाबा घेऊन क्रीट

क्रीटला, म्हणजे ग्रीसच्या बेटावर, जाणार म्हंटल्यावर ज्याने त्याने दोनच किनाऱ्यांची नावं सांगितली, एलाफोनिसी आणि बालोस. फोटो बघून मी पण तेच डोक्यात धरून बसले होते. पण आमचं लटांबर म्हणजे मी, नवरा, चार वर्षांची लेक आणि सांगलीहून उन्हाळ्यापुरते आमच्याकडे श्टुटगार्टला आलेले आई-बाबा, त्यात बाबांचा उजवा गुडघा. बालोसला एक तर कच्च्या रस्त्याने गाडी न्यायची आणि मग पायऱ्यांची चढउतार, नाहीतर किसामोसहून बोट. मग नवऱ्याने नकाशावर क्रीटमधल्याच हान्या शहराच्या जुन्या गावाला चिकटून असलेला एक बारकासा वाळूचा पट्टा दाखवला, निआ होरा. म्हंटलं चला, नाही आवडला तर बाकीचे आहेतच. शेवटी सहातले पाच दिवस तिथेच पडून होतो, आणि जो एक दिवस एलाफोनिसीला गेलो त्याची कथा खाली येतेच.

आधी नावाचा घोळ. इंग्रजीत या शहराची दोन-तीन स्पेलिंग चालतात, ग्रीक पाटीवर पहिलं अक्षर एक्ससारखं दिसतं आणि लोक म्हणतात 'हान्या'. निआ होरा म्हणजे नवं गाव. बाबा म्हणाले म्हणजे आपलं विस्तारित गावठाण, आणि ते अगदी बरोबर आहे, कारण जुनं गाव व्हेनिसवाल्यांनी बांधलेल्या तटबंदीत आहे आणि ही वस्ती तटाच्या बाहेर पश्चिमेला.

पोचायचं कसं, तर हान्याला स्वतःचा विमानतळ आहे, गावापासून १४ किमी, तिथून बस गावातल्या स्टँडवर सोडते. युरोपातल्या बऱ्याच शहरांतून उन्हाळ्यात थेट विमानं असतात. भारतातून येणार असाल तर अथेन्सला उतरून पुढे पाऊण-एक तासाचं विमान, नाहीतर अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रीची फेरीबोट, ती पहाटे सूदा बंदरात लागते आणि सूदापासून हान्या ६-७ किमी. फक्त तिकीट काढताना हेराक्लिओन आणि हान्या यात गल्लत करू नका, दोन्ही क्रीटमध्येच आहेत पण मध्ये १४० किमी अंतर आहे, बसने अडीच-तीन तास जातात. बेट नकाशावर एवढंसं दिसतं पण लांबी २६० किमी आहे.

राहायला आम्ही मुद्दाम जुन्या गावात घेतलं नाही. तिथल्या गल्ल्या फार सुंदर आहेत, संध्याकाळी फिरायला जाच, पण फरशा उंचसखल, बॅगांची चाकं अडकतात आणि त्या जुन्या घरांतले जिने इतके उभे की बाबा पहिल्याच रात्री परत जाऊ म्हणाले असते. निआ होराच्या मागच्या गल्ल्या सपाट आहेत, साध्या अपार्टमेंट, खाली बेकरी, कोपऱ्यावर सुपरमार्केट. आम्ही किचनवाली जागा घेतली, आईने कुकर आणला होता (हो, विमानातून), त्यामुळे रोज एक वेळचा वरणभात घरी. गाडी असेल तर पार्किंगचं आधी विचारा, समुद्राजवळ जागा मिळणं कठीण.

दीपगृहवाल्या जुन्या बंदरापासून फिरकास किल्ल्यावरून आणि पुढे उघड्या स्विमिंग पूलवरून चालत आलं की १०-१५ मिनिटांत निआ होरा. आमच्या लेकीला बरोबर धरून पंचवीस, कारण प्रत्येक मांजराशी बोलायचं असतं आणि हान्यात मांजरं काय कमी नाहीत. वाटेत फिरकासला बाबा अर्धा तास रमले. १ डिसेंबर १९१३ ला क्रीट ग्रीसमध्ये सामील झालं तेव्हा झेंडा याच किल्ल्यावर चढवला होता, आत सागरी संग्रहालय पण आहे.

आता समुद्र. पूर्वेच्या टोकाला छोटं मच्छीमार बंदर, तिथून पश्चिमेला वाळू, साधारण अर्धा किमी. एका बाजूला पाणी, मध्ये वाळू, मग रस्ता आणि रस्त्याला लागून ओळीने टॅव्हर्ना म्हणजे खाण्याची हॉटेलं. एवढंच आहे. देखावा म्हणाल तर मागे बिल्डिंगा आहेत आणि त्या काही सुंदर नाहीत. पण पाणी! शहरातला बीच म्हंटल्यावर माझ्या डोळ्यासमोर दादर चौपाटी होती, इथे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून स्वतःच्या पायाची बोटं मोजता येतात. तळाला वाळू, उतार अगदी हळू, लेक बरीच आत गेली तरी पाणी तिच्या छातीच्या वर आलं नाही. शॉवर आहेत, कपडे बदलायच्या केबिन आहेत, लाइफगार्डचा मचाण आहे आणि ब्लू फ्लॅगचा निळा झेंडा, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. ग्रीसमध्ये असे ६०० च्या वर किनारे आहेत, जगात स्पेनच्या खालोखाल. हा झेंडा दर वर्षी नव्याने मिळवावा लागतो आणि पाण्याच्या तपासणीचे निकाल बोर्डावर लावावे लागतात. बाबांनी तो बोर्ड चष्मा लावून पूर्ण वाचला, रिटायर्ड माणूस, काय करणार.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "भरती किती वाजता आहे गं?" मी म्हंटलं बघून सांगते. त्यांनी तोवर चपला पाण्यापासून चांगल्या वीस पावलं लांब, भिंतीला लावून ठेवल्या, गुहागरला ठेवतात तशा. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पाणी जिथल्या तिथे. लेकीचा सकाळचा किल्ला जेवून आलो तरी उभा. बाबांनी किल्ल्याशेजारी एक काडी रोवून ठेवली आणि दर तासाने जाऊन बघून यायचे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, इथे जेमतेम वीतभर फरक. आपल्या मुंबईला मोठ्या भरतीला साडेचार-पाच मीटर पाणी चढतं त्याच्यापुढे हे काहीच नाही, कारण हा समुद्र महासागराला जोडलाय तो जिब्राल्टरच्या १४ किमीच्या फटीतून. लहान मुलं असतील तर याचा फायदा असा की सकाळी जागा धरली की दिवसभर तीच, चादर मागे सरकवत बसायची भानगड नाही. पाणी मात्र आपल्यापेक्षा खारट, लिटरला ३८-३९ ग्रॅम मीठ. तरंगायला सोपं पण डोळ्यात गेलं की पोरं भोकाड पसरतात, पोहायचा गॉगल घेऊनच या.

आम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. पाणी २२-२३ अंश, आत जाताना पहिल्यांदा जरा शहारा येतो, मग बरं वाटतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अजून कोमट असतं, पण जुलै-ऑगस्टला गर्दी आणि उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा, आणि हा किनारा उत्तरेलाच तोंड करून आहे त्यामुळे लाटा सरळ अंगावर. आम्हाला जूनमध्येही एक दिवस वारा लागलाच. लाइफगार्डने लाल झेंडा लावला, मग लाल म्हणजे लाल, नवऱ्याने उगाच पाय बुडवायला गेल्याबरोबर शिट्टी ऐकली. त्या दिवशी मच्छीमार बंदराच्या आडोशाला वाळूत खेळलो.

वेळेचं माझं मत असं, सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ नंतर. मधल्या उन्हात काही मजा नाही. सकाळी सातला समुद्र गावातल्या आज्ज्यांचा असतो. डोक्यावर टोपी, गळ्यात साखळी, काहींच्या डोळ्यावर चष्मा, आणि पाच-सहा जणी गळ्याएवढ्या पाण्यात गोल करून उभ्या, कोणी पोहत नाही, नुसत्या गप्पा. तासभर! आई पहिल्या दिवशी काठावरून बघत होती, दुसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यात, तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकीने हाताने ये ये केलं आणि आमच्या मातोश्री लेगिंग आणि फुल टीशर्टमध्ये त्या गोलात जाऊन उभ्या. ही मराठी, त्या ग्रीक. मी लांबून ऐकतेय तर आई सांगत होती, "दोन मुली, दोन," आणि बोटं दाखवत होती. कपड्यांवरून कोणी ढुंकून बघत नाही, ज्यांना संकोच वाटतो त्या सगळ्यांसाठी सांगतेय. फक्त सुती ड्रेस घालून उतरू नका, भिजला की जड होतो आणि वाळत नाही, पोहायच्या कापडाची लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टॉप मिळतो तो घ्या.

खाट-छत्रीचं. दोन सनबेड आणि एका छत्रीचे आम्ही १० युरो दिले, पण पट्ट्यापट्ट्यावर भाव वेगळा, बसायच्या आधी विचारा. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीचा, आणि २०२४ च्या कायद्याने किमान अर्धा भाग खाटांशिवाय मोकळा ठेवावा लागतो, पाण्यालगतची चार मीटर पट्टी पण. कोणी जागा अडवली तर मायकोस्ट नावाच्या सरकारी ॲपवर तक्रार करता येते. आम्ही दोन दिवस स्वतःची छत्री रोवून बसलो, कोणी हटकलं नाही. आई-बाबा असतील तर मात्र खाट घ्या, वाळूतून उठणं हा गुडघ्याचा खरा प्रॉब्लेम.

खाण्यावर वेगळी पोस्ट होईल पण थोडक्यात. शाकाहारी लोकांनी अजिबात घाबरू नका. गिगान्तेस म्हणजे मोठ्ठे पांढरे वाल टोमॅटोत शिजवलेले, फावा म्हणजे वाटाण्याच्या डाळीचं घट्ट गोळा वरण आणि वर कच्चा कांदा, होर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी लिंबू पिळून, त्झात्झिकी म्हणजे चक्क्यात कालवलेली काकडीची कोशिंबीर, लसूण जरा जास्त. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, पण त्यात कधी कधी खिमा असतो, विचारून घ्या. विचारायचं कसं तर 'होरीस क्रेआस', मांसाशिवाय. मी हुशारी करून 'निस्तिसिमो' हा शब्द पाठ केला होता, म्हणजे त्यांचं उपवासाचं, त्यात मांस-अंडी-दूध काही नसतं. वेटरने मान डोलावली आणि आनंदाने ऑक्टोपस आणून ठेवला. त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस आणि कोळंबी चालते! बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "एकादशीला असं पाहिजे." तो शेवटी नवऱ्याने खाल्ला आणि बाबांनी एक तुकडा, आईचं लक्ष नसताना. पावाची टोपली न मागता येते आणि बिलात लागते, युरो-दीड युरो, त्यात भांडण्यासारखं काही नाही. शेवटी कलिंगड आणि छोट्या बाटलीतून राकी म्हणजे तिथली दारू फुकट, ती बाबांनी आईचं लक्ष असताना पण घेतली. सकाळी बेकरीत बुगात्सा जरूर, पापुद्र्यात मिझीथ्रा नावाचं ताजं चीज, सुरीने खटाखट तुकडे करून वर साखर भुरभुरतात. जेवणं उशिरा असतात, साडेनऊ-दहाला टॅव्हर्ना भरतं आणि पोरं रस्त्यावर सायकल चालवत असतात, त्यामुळे आपली पोरं जागी आहेत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

तर एलाफोनिसी. ७५ किमी, नकाशावर दीड तास. गाडी भाड्याने घेतली. टोपोलियाच्या घळीतली वळणं सुरू झाली आणि वीस मिनिटांत लेकीने मागच्या सीटवर सगळा बुगात्सा परत केला, आजीच्या मांडीवर. पोचलो तेव्हा अकरा वाजलेले, ऊन रणरणतं, पार्किंगपासून तंगडतोड आणि सावली म्हणावी तर नाही. जागा अप्रतिम आहे, खोटं कशाला बोलू, शिंपल्यांच्या चुऱ्याने वाळूच्या कडा खरंच गुलाबी दिसतात आणि गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडच्या बेटावर जाता येतं. (वाळू बाटलीत भरून आणायला बंदी आहे, आणू नका.) दोघंच असाल तर सकाळी सहाला निघा आणि दहाला परत फिरा. आम्ही मात्र दीड तासात गाशा गुंडाळला, आणि साडेपाचला परत निआ होराच्या पाण्यात उतरल्यावर लेक म्हणाली, "आता खरा बीच."

व्हिसाचं, कारण सगळे विचारतात. शेंगेन व्हिसा (ग्रीस, जर्मनी धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच) मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना फी नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. आमच्या आई-बाबांचा जर्मनीचा व्हिसा होता तो चालला. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. आणीबाणीचा नंबर ११२.

आणि एक, टॉयलेटमध्ये कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात. पाइप जुने आणि बारीक असतात. याची पाटी सगळीकडे असते तरी आपल्याकडून तुंबतंच. आमच्या घरमालकीणबाई आल्या, काही न बोलता दुरुस्त केलं आणि जाताना लेकीला जर्दाळू देऊन गेल्या.

दोरी आणि चिमटे घरून घेऊन जा. बाल्कनी सगळ्या घरांना असते, वाळत घालायला काही नसतं, आणि पाच माणसांचे दिवसाला दोनदा भिजलेले कपडे आम्ही पहिले दोन दिवस खुर्च्यांवर पसरले, तिसऱ्या दिवशी वाऱ्याने बाबांची बर्म्युडा खालच्या टॅव्हर्नाच्या छतावर. अजून तिथेच असेल.